मेणाचे दोन हात

"या टाइलला मेणाचं पॉलिश लावलं तर चालेल का हो?" समोरच्या बाईंनी विचारलं, आणि माझ्याच्याने उत्तर पुरं होईना.

एवढंच झालं. काही फुटलं नाही, कुणी ओरडलं नाही. दुपारची वेळ होती, काउंटरवर बदामी रंगाची ग्लेझ्ड टाइल उताणी पडली होती, आणि बाई तिच्यावरून बोट फिरवत होत्या. एकोणीस वर्षं मी फरश्यांच्या दुकानात उभा आहे. हा प्रश्न आठवड्यातून चारदा येतो आणि त्याचं उत्तर मला झोपेतही देता येतं. नाही चालत. या टाइलवर काचेसारखा थर भाजलेला असतो, ती काही पीत नाही. मेण आत जात नाही, वर बसून राहतं. धूळ धरतं, पिवळं पडतं, आणि मुख्य म्हणजे त्यावरून माणूस घसरतो. शेवटच्या शब्दावर मी थोडासा हसतो, मग गिऱ्हाईकही हसतं, आणि आम्ही दोघं मिळून त्या न पाहिलेल्या माणसाला पाडून मोकळे होतो. त्या दिवशी मी "मुख्य म्हणजे त्यावरून माणूस" इथपर्यंत आलो. पुढे तोंड नुसतं उघडं राहिलं. शब्द समोर दिसत होता, जिभेपर्यंत येत नव्हता.

"डॉक्टर, बाई थांबल्यात," गल्ल्यावरून मालक म्हणाले. फरशीची दुखणी घेऊन येणाऱ्यांना माझ्याकडे धाडतात, म्हणून दुकानात मी डॉक्टर.

"अहो, बसा तुम्ही. घाम आलाय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पाणी देऊ का?"

"पाणी नको!"

हे मात्र इतक्या जोरात निघालं की मागे टेप धरून उभा असलेला गडी वळून बघायला लागला. मालक उठून आले. "नाही चालत हो मेण," त्यांनी माझ्याऐवजी सांगितलं. "घसरायला होतं. उगाच पडाल." आणि लगेच खोल्यांची मापं विचारायला लागले. घसरायला होतं. तीन आठवडे जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते त्यांनी खाकरावं तितक्या सहज सांगून टाकलं.

बाई गेल्यावर त्यांनी हात पुढे केला. "आणि तो कागद? खोक्याबरोबर द्यायचा? महिना झाला की रे." कागद माझ्या खिशातच होता. घडीवर काळा पडलेला.

एक. संगमरवर. लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचं ॲसिड जवळ आणू नका. डाग जाण्याआधी दगड जातो. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं.

दोन. सिमेंटच्या नक्षीदार आणि भाजलेल्या मातीच्या फरश्या. यांना बारीक छिद्रं असतात. पाण्याचा थेंब टाकून पाहा. पाच मिनिटांत आत मुरला तर फरशी तहानलेली आहे. मेणाचे दोन पातळ हात द्या. पहिला वाळू द्या. दुसरा फडक्याने घोटा.

चार. सांधे. ब्लीच रंगीत सांध्यांचा रंग खातं. वॉशिंग सोडा, जुना टूथब्रश, आणि वेळ.

मालकांनी कागद हातभर लांब धरून वाचला. "वेळ काय? वेळ कुठून आणायचा गिऱ्हाइकाने, तोही आपणच विकायचा का? आणि तीन कुठाय?"

"लिहायचाय."

"अरे तीनच तर खपतो आपल्याकडे. ग्लेझ्ड. बाकीचं बघायला येतात आणि ग्लेझ्ड घेऊन जातात. घरी जा आज. चेहरा बघ तुझा. तीन लिहूनच ये."

दोन नंबर माझा नाही, आईचा आहे. वडील गेल्यावर आम्ही ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो तिथे सिमेंटच्या फरश्या होत्या, एक लाल, एक काळी. आई आठवडाभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करायची आणि रविवारी फरशी करायची. गुडघ्याखाली दुमडलेलं गोणपाट, डाव्या हाताशी मेणाचा डबा, उजव्या हातात वडिलांच्या जुन्या बनियनचं फडकं. ताई आणि मी पलंगावर. पाय खाली सोडायचे नाहीत, मेणाचा हात वाळेपर्यंत. ताई चिमटे काढायची, मी रडायचो नाही, कारण रडलो असतो तर आईला उठावं लागलं असतं आणि ओल्या मेणावर तिच्या गुडघ्याची खूण राहिली असती. शेवटी ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, मग वाकून खाली स्वतःकडे बघायची, आणि म्हणायची, "घ्या. यात बघून भांग पाडता येईल." तिच्या त्या वाक्यावर आठवडा संपायचा. त्या फरशीवर आम्ही कुणी कधी पडलो नाही. मेण वर नव्हतंच. तिने वर्षानुवर्षं घासून ते आत पोचवलं होतं.

माझ्या घरात, सातव्या मजल्यावर, बांधणाऱ्याने घातलेली बदामी ग्लेझ्ड आहे. सहा वर्षांपूर्वी आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने चपला काढल्या, चार पावलं टाकली आणि म्हणाली, "धाकट्या, मेलेल्या माणसाच्या नखासारखी आहे रे ही." मी हसलो. ती रोज पुसायची, पुसून झाल्यावर वाकून बघायची, तिला त्यात काही दिसायचं नाही. "एवढं दुकान फरश्यांचं, आणि घरात बघा." तक्रार नव्हती ती. सकाळी उठल्यावर पाठ दुखते म्हणावं तसं म्हणायची. सहा वर्षं.

मग ती चार दिवस ताईकडे गेली, आणि मी दुकानातला मेणाचा डबा घरी आणला.

मला माहीत होतं. हे पुन्हा लिहायला हवं, कारण नंतर माझं मन सारखं त्याला बगल द्यायला बघतं: मला माहीत होतं. पण मला वाटलं, मी लावलं तर चालेल. न चालण्याचे नियम त्यांच्यासाठी, ज्यांना हात पातळ कसा द्यायचा कळत नाही, जे डबा पालथा करतात आणि घोटत नाहीत. माझा हात बसलेला आहे. गोणपाट नव्हतं, उशी घेतली गुडघ्याखाली. पूर्ण रविवार गेला. स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्यामधल्या बोळात उजेड सरळ येतो, तिथे जास्त घोटलं. संध्याकाळी मोजे घालून त्यावरून चालताना माझा एक पाय सरकला, वीतभर. मी भिंत धरली. आणि मला गंमत वाटली. मी मुद्दाम आणखी एकदा सरकून बघितलं, पन्नाशीला आलेला माणूस, एकटा, मोज्यांवर.

सोमवारी आई आली. दारातच थांबली. भिंतीला धरून वाकली, खूप वेळ वाकलेली राहिली, आणि मोकळा हात डोक्याकडे नेऊन तिने कपाळावरची बट मागे सारली. "आता बघ," ती म्हणाली. "आता बघ कशी." त्या रात्री तिने मला शेजारी बसवून पोटभर जेवायला लावलं. मी जन्मात कुणाला एवढं सुख दिलेलं नाही.

बुधवारी सकाळी मी दाढी करत होतो. पडल्याचा आवाज पडल्यासारखा नसतो. तांदळाची गोणी कुणी खांद्यावरून नीट उतरवून ठेवावी तसा होता. ती बोळात कुशीवर पडली होती, एक पाय नको तिकडे वळलेला, आणि डोळे उघडे, मला बघून शरमलेले. फरशी कोरडी होती. तिचे हात रिकामे होते. मी धावत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं, तिच्याजवळ बसताना पेला कलंडला आणि अर्धं पाणी खाली गेलं. ते पाणी मुरलं नाही, पसरलंही नाही. मेणावर गोळे होऊन राहिलं, एकेक वेगळा. ताई दहा मिनिटांच्या अंतरावर राहते, ती दवाखान्याच्या गाडीच्या आधी पोचली. तिची चप्पल थेट त्या पाण्यात पडली.

"पाणी कुणी सांडलं इथे?"

मी सांडलं, ती पडल्यावर. चार शब्द. मी तोंड उघडायला किती वेळ घेतला असेल? गालावर साबण वाळत होता तो खाजला, एवढा. तेवढ्यात खालून आई म्हणाली, "मीच असेन गं."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं काय पडल्या. ताई फॉर्म भरत होती. मी म्हणालो, "पाणी सांडलं होतं." यात एक शब्दही खोटा नाही. मी ते वाक्य नंतर कितीतरी वेळा उलटसुलट करून पाहिलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली. आणि मग ताईच्या बोलण्यातून एक म्हातारी तयार व्हायला लागली जी मला ओळखता येईना. मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता. किल्ली फ्रीजमध्ये सापडली होती. बाहेरगावी शिकणारी माझी मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिला माझ्या नावाने हाक मारली होती. आणि आता पाणी सांडते आणि तिला कळतही नाही. यातलं प्रत्येक खरं होतं, पण ते वेगवेगळं पडलेलं होतं. त्या पाण्याने ते सगळं एकत्र आणलं. ताई दुष्ट नाही. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, दिवसभर उभं राहून तिच्या पायाच्या शिरा फुगल्यात. "तू दिवसभर दुकानात, मी दिवसभर दुकानात. पुन्हा पडली तर? तीन तास पडून राहिली तर?" हे विचारताना ती रडली. तिने एक जागा पाहून ठेवली होती, चोवीस तास माणसं असतात, मागे बाग आहे. रविवारी न्यायचं ठरलं. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "धाकट्या, मी खरंच एवढी विसरते?"

"नाही गं आई," मी म्हणालो. "एवढी नाही."

एवढी.

मालकांनी घरी धाडलं त्या दिवशी मी आलो तेव्हा ताई आईच्या खोलीत होती, कपाट उघडून कपडे बॅगेत भरत होती. मी स्वयंपाकघरात नवा कागद घेऊन बसलो आणि लिहिलं.

तीन. ग्लेझ्ड टाइल. मेण लावू नका. लावलं गेल्यास: गरम पाण्यात वॉशिंग सोडा विरघळवा. हातमोजे घाला. एका वेळी चारच टाइल घ्या, पाणी दहा मिनिटं बसू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा. राखाडी साय वर येईल. ती फडक्याने उचला, फडकं त्याच पाण्यात पिळू नका. हे आईच्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी करा, ती घरात नसताना. स्वतःला सांगा की हे तिच्यासाठी आहे, ती परत येईल तेव्हा पुन्हा पडू नये म्हणून. हे खरंही आहे. सांध्यांत मेण राहतं, ते टूथब्रशने काढा. पलंगाखालचंही काढा, तिथे कुणी बघत नसलं तरी. फडकी काळ्या पिशवीत बांधून खाली नेऊन टाका. डबा कडा पुसून दुकानात होता तिथे ठेवा. शेवटी साध्या पाण्याने तीनदा पुसा आणि अनवाणी चालून पाहा. पाय धरला गेला पाहिजे. धरला जातो. एवढं चांगलं काम तुम्ही आयुष्यात केलेलं नसेल.

कागद टेबलावर ठेवून मी आईच्या खोलीच्या दारात गेलो.

"ताई. आईने पाणी सांडलं नव्हतं. ती पडली तेव्हा फरशी कोरडी होती. पाणी मी सांडलं, नंतर."

तिने हातातली घडी मोडली नाही. "बरं मग?"

"मी फरशीला मेण लावलं होतं. त्याच्यावरून घसरली ती."

"कुठल्या फरशीला?"

"याच. मी उभा आहे ती. बोळातली."

ती उठली. बोळात आली, चपला काढल्या, भिंतीला हात लावून उजवा पाय पुढे-मागे घासला, मग डावा. मग खाली बसली आणि कापडाची वीण तपासावी तसं टाइलवरून नख ओढलं, उजेडात धरून नखाकडे बघितलं. "ही? अरे, ही तर पाय धरून ठेवते."

"मी काढलं सगळं. ती दवाखान्यात असताना."

"म्हणजे लावलंस ते कुणी बघितलं नाही, आणि काढलंस तेही कुणी बघितलं नाही."

"आईने बघितलं. खूश झाली होती. विचार तिला."

"तिला कालच विचारलं, कसं झालं गं नेमकं? ती म्हणते, पेला हातातून सुटला." ताई गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. "तू फरश्यांतला माणूस. जरा फिनेल जास्त पडलं तर माझ्या घरी येऊन मला बोलतोस. आणि तू लावशील या टाइलला मेण?"

"लावलं. कागद वाच. टेबलावर आहे, लिहिलंय सगळं."

"आत्ता लिहिलंस ना? मी इथे असताना?"

"मी पुन्हा लावून दाखवतो. उद्या ये. मोजे घालून ये, आणि चाल." मी हे म्हणालो तेव्हा मला ते दिसलं: ताईचा पाय सरकतोय, हात हवेत, डोकं मागे. आणि मला ते हवं होतं. अर्ध्या क्षणापुरतं, पण अगदी मनापासून हवं होतं.

तिलाही ते दिसलं असावं. ती एक पाऊल मागे सरकली, मग तिचा चेहरा एकदम निवळला, तो राग असता तर बरं झालं असतं. "तुला ना, खोटं बोलता येत नाही रे. लहानपणी आईच्या हातून लोकांचा कपडा जळला, तर तू पुढे व्हायचास, इस्त्री माझ्याकडून पडली म्हणून. तेव्हाही कुणाला पटायचं नाही." तिने माझ्या दंडावर थोपटलं. "मला वाईट ठरवू नकोस. मला काय हौस आली आहे का तिला पाठवायची?" आणि ती आत जाऊन उरलेल्या घड्या घालायला लागली. कागद तिने वाचला नाही. मी दुसऱ्या दिवशी मालकांना दिला, पहिल्या पाच ओळींनंतर फाडून.

दवाखान्यात आई वॉकरची चौकट धरून खिडकीपर्यंत जायला शिकली होती. पाय उचलायचा, ठेवायचा, दमायचं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या कानाशी सगळं सांगितलं. रविवार, उशी, मोजे, कोरडी फरशी. "आई, तुझ्या हातात पेला नव्हता."

"होता," ती म्हणाली. "स्टीलचा. काठाला पोचा आलेला. गार पाणी पायावर आलं, मला आठवतंय ना, आणि मग पडले."

तो पेला माझ्या हातात होता. पोचा तिने खालून बघितला असणार, मी तो तिच्या तोंडाशी धरला तेव्हा.

"मेणावरून पडलीस तू, आई."

"त्या मेणाला नावं ठेवू नकोस. किती दिवसांनी घर घरासारखं दिसलं." तिने इकडेतिकडे बघितलं, माझा हात ओढून मला वाकवलं आणि आवाज अगदी खाली आणला. "असलं काही बाहेर बोलू नकोस बरं. दुकानात कळलं तर हसतील तुला. डॉक्टर म्हणतात ना तुला?"

पेला तिला आठवत होता की तिने तो माझ्यासाठी हातात घेतला होता, हे मला तिथे कळलं नाही, आणि आता विचारायची सोय नाही, कारण आता तिला तो खरोखरच आठवतो. रंग, पोचा, गारवा. ताईने विचारावं आणि तिने सांगावं, नर्सने विचारावं आणि तिने सांगावं, असं करत करत तिने घासून घासून तो आत पोचवला आहे. रविवारी ती बॅग मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि ताईला म्हणाली, "तुमची सुटका झाली गं." टोमणा नव्हता. आमच्यासाठी तिला बरं वाटत होतं.

त्या जागेत खरबरीत करड्या टाइल आहेत, चांगल्या, पाय धरणाऱ्या. भिंतीला सगळीकडे दांडा. मी दर रविवारी जातो. चौथ्या रविवारी तिथल्या मावशींनी मला दारातच अडवलं. पन्नाशीच्या, दणकट, कमरेला पदर खोचलेल्या.

"तुम्ही त्यांचा मुलगा ना? जरा सांगा त्यांना. पाणी पीतच नाहीत हो. ओठ बघा कसे झालेत. लघवीला जळजळतं म्हणतात, डॉक्टर ओरडून गेले, तरी नाही. पेला पुढे केला की मान फिरवतात. औषधाच्या गोळ्या कोरड्या गिळतात, ठसका लागतो. का पीत नाही आजी म्हटलं, तर म्हणतात, सांडेल."

आई पलंगाच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, एकमेकांत अडकवलेले. केस कुणीतरी घट्ट विंचरले होते. ओठांना पांढरी साल आली होती. मी पेला भरला आणि तिने मान फिरवली. अर्धा केला. नको. मग मी माझ्या पिशवीतली बाटली काढली, तिचं झाकण उघडलं, आणि झाकणात पाणी ओतलं, दोन चमचे होईल एवढं. तिने ते बघितलं. अडकवलेले हात सुटले. एका हाताच्या बोटांत तिने झाकण धरलं, दुसऱ्या हाताची ओंजळ त्याच्या खाली आणली, आणि पुढे झुकून, श्वास रोखून, ते ओठांपर्यंत नेलं. मावशी दारातून बघत होत्या. मीही श्वास रोखला होता. ती प्यायली, झाकण उलटं करून दाखवलं, मग ओंजळ दाखवली. कोरडी होती. मग पायाशी वाकून तिने करड्या फरशीवरून तळवा फिरवला आणि तोही दाखवला.

"बघ," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "एक थेंब नाही. ताईला सांगशील?"